अर्धी वाटी चहा

९ सप्टेंबर, सोमवार

दारापर्यंत गेले. आत गेले नाही.

चर्चच्या मागे अंगण. सफरचंदाच्या झाडाखाली दोन रशियन बायका सिगारेट ओढत होत्या. त्यातली थोरली म्हणाली, "आमच्याकडेच आलात ना? या की." मी म्हणाले, "नाही, मला पोस्ट ऑफिस हवं होतं." तिने हात लांब करून रस्ता दाखवला. मग पोस्टात जावंच लागलं – ती बघत उभी होती! एक पाकीट विकत घेतलं.

आज बाविसावा दिवस.

१० सप्टेंबर

पाकीट टेबलावर आहे. कुणाला पाठवायचं आहे म्हणून घेतलं?

१२ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी शाळेत निघताना कुंदुझचा फोन.

"आई, सतरा नोव्हेंबर ठरली. बायेलचा दोर कापायचा."

आम्हा किर्गिझांत मूल चालायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधतात. धावत येऊन जो आधी पोचेल तो सुरीने कापतो. तोपर्यंत ती पावलं मुलाची स्वतःची धरत नाहीत.

"किती पावलं टाकतो?" मी विचारलं.

"चार. काल पाच."

माझ्या नातवाचं मी एकही पाहिलेलं नाही. अठरा ऑगस्टनंतर त्याला माझ्याकडे आणलेलं नाही.

अठरा ऑगस्ट इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. कुंदुझ बाजारात गेली होती. बायेल माझ्याकडे. माझ्या हातात चहा प्यायची निळ्या नक्षीची वाटी. तिच्यात चहा नव्हता. मला झोप लागली. दार उघडं होतं. तो रांगत जिन्यावर गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीने त्याला पायरीवरून उचललं. काही झालं नाही. त्याच्या गुडघ्याला धूळ लागली होती, एवढंच. कुंदुझने सासरी सांगितलं – दार शेजारणीच्या मुलीने उघडं टाकलं.

आता फोनवर म्हणाली, "त्या दिवशी ब्रँडीचा पेला तुझ्यापुढे येणार. आईच्या आईने पहिली शुभेच्छा द्यायची असते. पेला घेतला नाहीस तर चाळीस माणसं विचारतील, का. आणि घेतलास तर –" मग, "तू काय करशील मला माहीत नाही. कुठेतरी जा. असतात ना त्या बैठका."

"तुझ्या सासूबाईंना कळलं तर?"

"तर बायेल पुन्हा तुझ्या घरी येणार नाही. आणि मी खोटं बोलले तेही कळेल. मला त्या घरात राहायचंय, आई."

विहीणबाई कारा-बाल्टाला असतात. सोनुन त्यांचं नाव. डोक्याला घट्ट रुमाल, पाच वेळा नमाज. दहा-अकरा वर्षं झाली म्हणे, त्याआधी अशा नव्हत्या. कुंदुझच्या लग्नात त्यांनी माझ्या पेल्याकडे पाहिलं होतं. एकदाच. तेवढं मला पुरलं.

१६ सप्टेंबर, सोमवार

आत गेले. तीच थोरली बाई दारात. "मिळालं का पोस्ट?" म्हणाली. हसली नाही. ल्युदमिला तिचं नाव. अकरा माणसं, एक गोल टेबल, भिंतीवर संताचं चित्र, बिस्किटं. नाव सांगायचं, फक्त पहिलं. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, गाव नाही. सत्तावन्न वर्षांत मला अशी ओळख कुणी मागितली नव्हती. आमच्यात नाव शेवटी विचारतात. आधी – कुणाची? कुठली?

"उलकान," म्हणाले. पुढे काही बोलले नाही. कुणी आग्रह केला नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज बोलले. रशियनमध्ये, सलग दहा मिनिटं. सुरुवात, मध्य, शेवट. शिक्षककक्षातली वाटी सांगितली – चहाच्या रंगाची ब्रँडी, सगळ्यांसमोर, सकाळच्या दुसऱ्या तासानंतर. मुलं वह्या तपासायला आणायची आणि मी त्यांच्या निबंधांवर लाल शाईने लिहायची, "अनावश्यक विशेषणं." उपमासुद्धा चांगली सापडली एक.

टेबलाभोवती लोक हलले. एकाने डोळे पुसले. बाहेर पडताना तो म्हणाला, "काय सुरेख बोलता हो तुम्ही!"

बस. तिथेच कळलं. तीस वर्षं साहित्य शिकवलं. रशियनमध्ये मी खरं बोलले तरी तो निबंधच होतो. आणि मीच त्याला गुण देते.

ल्युदमिलाने न पिता महिना काढल्याचा बिल्ला दिला. अॅल्युमिनियमचा, हलका, एका बाजूला त्रिकोण, दुसऱ्या बाजूला १. तिच्याकडे वीस वर्षांचा पितळी आहे. "हे बिल्ले विकत मिळत नाहीत," म्हणाली. "कुणीतरी हातात द्यावे लागतात. आणि वेळ आली की आपलाही देऊन टाकायचा."

"कुणाला?"

"ते कळतं."

पाकीट उपयोगी पडलं. बिल्ला त्यात ठेवला.

२७ सप्टेंबर

एका खाजगी दवाखान्यातल्या गटात गेले. जाहिरात ट्रॉलीबसच्या काचेवर होती. खुर्च्या रांगेत, पुढे डॉक्टर, फळ्यावर यकृत. पुरुष शिक्षा झालेल्या मुलांसारखे बसलेले. डॉक्टर म्हणतो एक इंजेक्शन घ्या, त्यानंतर प्यालात तर मराल. सगळे मान डोलावतात. मरणाची भीती यांना असती तर हे इथे आले असते का!

मागच्या रांगेतून कुणीतरी – "बाई? तुम्ही?" पाच वर्षांपूर्वीच्या माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप.

"भावासाठी चौकशीला आले," मी म्हणाले.

त्याचा जीव भांड्यात पडला. "हो ना. मीही भावासाठीच."

आम्ही दोघंही एकुलती एक. त्याचं मला माहीत आहे, त्याच्या मुलीने निबंधात लिहिलं होतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

शिक्षक दिन शाळेत दोन दिवस आधीच साजरा केला. चौदा बाटल्या, नऊ चॉकलेटचे डबे. दरवर्षी असंच. आईबाप विचार करत नाहीत – शिक्षकाला ब्रँडी, डॉक्टरला ब्रँडी, कर कार्यालयात ब्रँडी. बाटलीभोवती लाल फीत.

गेल्या वर्षीपर्यंत मी त्या कपाटात रांगेने लावायची, पुस्तकांच्या मागे. यंदा चॉकलेटं घेतली. बाटल्या भूगोलाच्या मास्तरांना दिल्या. त्यांनी एकेक उचलून पाहिली. "सगळ्या? उलकानताई, तुम्ही आजारी आहात का?"

"हो," म्हणाले. गेल्या काही महिन्यांत कुणाला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर.

घरी येऊन एक डबा चॉकलेट संपवला. सत्तेचाळिसावा दिवस. दात दुखतो आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

किर्गिझ भाषेतला एक गट आहे, हे ल्युदमिलानेच सांगितलं. "तुमच्या भाषेत बसून बघा. इथे तुम्ही आमच्यासाठी बोलता."

शहराबाहेरच्या नव्या वस्तीत, कच्च्या रस्त्यावर, तोलोगोन नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी. पूर्वी घोड्यांचा डॉक्टर होता. दार उघडलं ते कासिमाली नावाच्या टॅक्सीवाल्याने. जाडा, हसरा.

"या वहिनी, या. मालक मागून येतायत का?"

"नाही," मी म्हणाले.

"येतील, येतील. माझी बायकोसुद्धा आधी एकटीच आली होती. दोन महिने! मग मला मानगूट धरून आणलं."

मी त्याला तिथेच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं.

आत गाद्या, मध्ये जेवणाचं कापड, दस्तरखान, त्यावर बोरसोक, तळलेल्या पिठाचे तुकडे, पसरलेले. नऊ पुरुष. दारासमोर आतल्या बाजूला सर्वांत मोठा, मग वयाप्रमाणे खाली खाली. दाराशी केटली आणि वाट्यांची चवड. तिच्यामागची गादी रिकामी. कुणी सांगितलं नाही. मी तिथे बसले आणि ओतू लागले.

हात आपोआप चालतात. वाटी अर्धीच भरायची, उजव्या हाताने द्यायची. अर्धी म्हणजे – बसा, पुन्हा द्या, पुन्हा ओतते. काठोकाठ भरली की पाहुण्याला कळतं, आता उठायचं.

ते बोलत होते. मी ऐकत होते. कासिमाली म्हणाला, "सोडली तेव्हापासून अठरा किलो वाढलो. बायको म्हणते, पीत होतास तेव्हा घरातलं जेवण तरी उरायचं!" सगळे हसले. मग तोच, त्याच आवाजात, मुलाची शाळेची सायकल विकली ते सांगू लागला. कुणी "काय सुरेख" म्हणालं नाही. एकाने फक्त वाटी माझ्याकडे सरकवली. मी ओतली.

शेवटी तोलोगोनबाबांनी दुवा दिली, सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. मीही.

किती हलकं वाटलं! इथली भाषा माझी आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

केटली. नऊ वाट्या, तीन फेऱ्या. एकही शब्द बोलले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. ओतणारी बाई गप्पच असते.

२० ऑक्टोबर

कुंदुझने मोबाइलवर चित्रफीत पाठवली. बायेल भिंत धरून चालतो, भिंत संपते, तो थांबतो, पुढे हवेला धरतो. आठ पावलं. मागे विहीणबाईंचा आवाज – "सोडा त्याला. पडू दे. उठेल."

सात वेळा पाहिली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज खाली बसलेल्या एकाने, सगळ्यांत धाकट्याने, सांगितलं. घरच्यांपासून लपवण्यासाठी तो कारच्या काचा पुसायच्या पाण्याच्या टाकीत दारू भरून ठेवायचा. गाडीत बसून नळीने ओढायचा. थंडीत बापाने काच पुसायला बटण दाबलं! अख्ख्या गाडीत वास. सगळे पोट धरून हसले, तोही हसला, आणि मग रडला.

माझ्या तोंडाशी आलं – निळी वाटी. अगदी ओठांवर. तेवढ्यात पलीकडून वाटी पुढे आली. "वहिनी, जरा कडक द्या."

ओतली.

घरी येताना मिनीबसमध्ये विचार केला. मी आणखी एक वाटी शोधून काढली आहे. आधी वाटीत ब्रँडी लपवली. आता केटलीमागे मी.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. चौऱ्याहत्तरावा दिवस

पहिली फेरी ओतली. केटली खाली ठेवली. म्हणाले, "मी उलकान. नारीनकडची. माझ्या वाटीत चहा नसायचा."

किर्गिझमध्ये ते एवढंच झालं. उपमा नाही. मग जिना. मग बायेलच्या गुडघ्यावरची धूळ. तीन-चार वाक्यं असतील. हात मांडीवर ठेवले होते, काय करावं त्यांचं कळेना – वाटी नाही, केटली नाही.

मग कासिमाली हळूच – "म्हणजे... मालक नाहीतच?"

"नऊ वर्षांपूर्वी वारले. ते पीत नव्हते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. मीसुद्धा! डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तोलोगोनबाबा म्हणाले, "चार आठवडे तुझ्या हातचा चहा प्यालो आम्ही. एकानेही विचारलं नाही, पोरी, तू का आलीस. शरम आहे." कासिमालीकडे पाहून, "केटली घे. आज तू ओत."

त्याने आयुष्यात केटली धरली नसावी. झाकण पडलं, बोट भाजलं, शिवी अर्धी तोंडात गिळली. सगळ्यांत पहिली वाटी माझी. मोठ्या मानाने दोन्ही हातांनी दिली. काठोकाठ भरलेली.

त्याला माहीत नव्हतं. मान द्यायचा म्हणून भरपूर दिला बिचाऱ्याने. मी ती वाटी पूर्ण प्याले. गरम होती.

७ नोव्हेंबर, गुरुवार

वाईट झालं.

वाईट म्हणजे – सगळे फार चांगले वागले. मला वर बसवलं, तोलोगोनबाबांच्या शेजारी. गादीवर आणखी एक गादी. शिव्या नाहीत. हसणं नाही. धाकटा मुलगा मान खाली घालून म्हणाला, "माझं ठीक चाललंय." पुढचा – "माझंही ठीक." तिसरा – "देवाची कृपा." केटलीमागे होते तोवर मी भिंत होते. भिंतीसमोर माणूस काहीही बोलतो. आता मी कुणाची आई झाले, कुणाची मोठी बहीण, कुणाच्या शाळेतली बाई.

पाऊण तासात बैठक संपली. एरवी दोन तास चालते.

९ नोव्हेंबर, शनिवार

तोलोगोनबाबांचा फोन. बराच वेळ तब्येत विचारत होते. माझी, मुलीची, नातवाची, शाळेची. मी समजले.

"पोरी, तू येत जा. मी ये म्हणणारच. पण तो धाकटा काल परत प्याला."

"माझ्यामुळे?"

"नाही. तो प्यायचाच होता. पण गुरुवारी सांगणार होता, ते सांगितलं नाही. लाजला." मग, "तुझ्यात काही खोट नाही. आमची हाडं जुनी आहेत."

मी म्हणाले, "मी नाही येणार, बाबा. त्यांना बोलू दे."

त्यांनी फोनवरच दुवा दिली. मी एका हातात फोन धरून एकच तळवा तोंडावरून फिरवला. अर्धी दुवा लागते का?

आठ दिवस राहिले. बोलायला जागा नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

चर्चमागच्या खोलीत. सफरचंदाचं झाड उघडं पडलं आहे. ल्युदमिला म्हणाली, "परत?"

"तिथे मी लपते. इथे मी सजते," मी म्हणाले. "आणि दवाखान्यात खोटं बोलते. अजून कुठे जाऊ?"

"हेही वाक्य सजवलेलंच आहे, उलकान."

"माहीत आहे!"

"बसा. योग्य जागा सापडेपर्यंत चुकीच्या जागी बसायचं. रस्त्यावर उभं राहण्यापेक्षा बरं." बिस्किटांची बशी पुढे केली.

बसले. बोलले नाही. बिस्किटं शिळी होती. रविवारचं मात्र सांगितलं तिला – पेला, शुभेच्छा, चाळीस माणसं.

"पेला उलटा ठेवा," ती म्हणाली.

तिला काय सांगू. आमच्यात उलटा पेला म्हणजे भांडण. नातवाच्या दोरापुढे!

१४ नोव्हेंबर

आरशासमोर शुभेच्छेचा सराव केला. ग्लासात पाणी. "माझ्या बायेलची वाट –" इथपर्यंत बरं जातं. मग हात आपोआप ओठांकडे येतो. हाताला पाठ आहे. पाणी होतं तरी जीभ थांबली, वाट पाहत राहिली.

१५ नोव्हेंबर

ताप आला म्हणून कळवावं का? कुंदुझला लिहिलं, पुसलं.

बायेलची पावलं तेरा.

१६ नोव्हेंबर

काही नाही. वह्या तपासल्या. विशेषणं राहू दिली.

१७ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

घरी आले. क्रमाने लिहिते.

पश्चिम बसस्थानकावरून मिनीबस, दीड तास. कारा-बाल्टात बर्फाचा पातळ थर. अंगणात कढई, धूर, पोरांचा गलका. कुंदुझने दारातच मला मिठी मारली आणि मिठीत वास घेतला. मी तिला घेऊ दिला.

बायेलने मला ओळखलं नाही. मग ओळखलं. गळ्यातली माळ ओढली.

आधी दोर. अंगणात सतरंजी, तिच्यावर बायेल, पायांत काळा-पांढरा दोर, तोंडात अख्खा बोरसोक. पोरं रस्त्याच्या टोकापासून धावत आली. शेजारची एक मुलगी जिंकली, दोन वेण्या, दमलेली. तिने सुरी लावली. दोर तुटला. मग विहीणबाईंनी त्याचा एक हात धरला आणि दुसरा – माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही धरा." आम्ही दोघींनी त्याला चालवलं. सतरंजीच्या टोकाला आम्ही हात सोडले. त्याचा डावा विहीणबाईंनी आधी सोडला.

आत जेवण. चाळीस नाही, साठ माणसं. सवयीने दाराशी केटलीजवळ बसायला गेले. मागून विहीणबाईंचा आवाज. "विहीणबाई, आज तुम्ही ओतायचं नाही. आज तुम्ही पाहुण्या." कोपराला धरून वर नेलं, आजोबांच्या रांगेत. हात कोरडा आणि घट्ट.

जावयाचा काका समारंभ चालवत होता. आवाज लाउडस्पीकरसारखा. "आता शहरातल्या बाई बोलतील! आईची आई! बाईंचा पेला भरा रे, काठापर्यंत, आमच्याकडे ब्रँडीला तोटा नाही!"

दोन बाटल्या माझ्याकडे निघाल्या. कुंदुझ समोर, हातात ताट, जागच्या जागी उभी. तिचा चेहरा मला आठवायचा नाही.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. हातात ट्रे, ट्रेवर एकच पेला, आधीच भरलेला. "बाईंचा हा," म्हणाल्या. "मी काढून ठेवलाय, चांगल्या बाटलीतला." काका म्हणाला, "अरे वा! नमाजी बाईने ओतलाय आज!" सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. पेला माझ्या उजव्या हातात दिला.

उभी राहिले. काय बोलले आठवत नाही. सराव केलेलं नाही बोलले. पडशील तेव्हा कुणी उचलायला असो, असं काहीतरी. साठ माणसं थांबली. पेला ओठांपर्यंत गेला. सोनेरी, गडद. रंग तोच.

गार चहा.

साखर नाही, गार, कडक चहा. प्याले. शेवटपर्यंत. काकाने आरोळी ठोकली. "याला म्हणतात शहरी बाई!"

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या दुसऱ्याच कुणाच्या वाटीत चहा ओतत होत्या. अर्धी वाटी.

त्यांना माहीत आहे.

नंतर कुंदुझने मला स्वयंपाकघरामागे ओढलं. ओठ पांढरे. "आई, त्यात काय होतं?" सांगितलं. "मी काही बोलले नाही, आई! बायेलची शपथ! मग त्यांना कुणी –"

कुणी म्हणजे काय. लग्नात पाहिलं होतं एकदा. दार कुणी उघडं टाकलं तेही कळलं असणार. आज साठ माणसांत माझी अब्रू राखली, ती त्यांच्या घरची अब्रू होती. उद्या कुंदुझला समोर बसवतील आणि शांतपणे विचारतील. तशा आवाज चढवत नाहीत त्या. मला समजतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही मूल दिलं नसतं.

निघताना सगळ्या पाहुण्यांना घरी न्यायला वाटणी बांधून देतात, तशी माझीही पिशवी. विहीणबाईंनी स्वतः बांधली, फाटकापर्यंत घेऊन आल्या. बायेल त्यांच्या कडेवर, झोपलेला.

"तशीच ठेवू नका हं," म्हणाल्या. "आत मांस आहे. घरी गेल्यावर रिकामी करा."

"विहीणबाई," मी म्हणाले. पुढचं सुचेना. तीस वर्षं साहित्य!

त्यांनी रुमाल सारखा केला. "गाडी सुटेल," म्हणाल्या.

पिशवी दाराच्या कडीला लटकते आहे. हात लावावासा वाटत नाही. उद्या.

आज एक्क्याण्णव. प्याले नाही. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं. ठेवलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ

पिशवी रिकामी केली. बोरसोक, मेंढीची फासळी, खडीसाखर, बायेलच्या दोराचा एक तुकडा. तळाशी घड्या घातलेला रुमाल, गाठ मारलेली. गाठीत पितळी बिल्ला. एका बाजूला त्रिकोण, दुसऱ्या बाजूला ११. कडा झिजलेल्या.

आणि वहीच्या पानाचा चिटोरा, गोल, शाळकरी अक्षरात – "शनिवारी दोन वाजता, सोकुलुक, वाचनालयाचं मागचं दार. तुम्हालाही अर्ध्या वाटेवर, मलाही. आम्ही पाच बायका आहोत. चहा तिथे ज्याचा त्याने ओतून घ्यायचा."